घणसोलीत पहिला खाऱ्या पाण्याचा रीफ टँक करतोय, साधारण १०० लिटर. काय चुकतंय ते आत्ताच सांगा

घणसोली_चौथा_मजला:

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचा टँक घरी पाच-सहा वर्षं आहे, गप्पी मॉली एंजल सगळं करून झालं. आता लेकीने (दुसरीत आहे) डोक्यात घेतलंय की तिला तो नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त खाज आहे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी जागा आहे, २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक बसेल. वन बीएचके, पश्चिमेची खिडकी, एसी फक्त बेडरूममध्ये.

एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला साहेब आज सेट घेऊन जा, मीठ टाका, उद्या येऊन मासे घेऊन जा, दोन कोरल मी माझ्यातर्फे देतो. इतकं सोपं असेल असं वाटत नाही म्हणून इथे विचारतोय. माझे प्रश्न

पाणी कुठलं वापरू? घरच्या आरओचं चालेल का? मित्र म्हणतो खिडकीतून खाडी दिसते तुझ्या, दोन कॅन भरून आण, फुकट आहे. दुसरं म्हणजे माझं आजोळ मालवण, किनाऱ्यावर पांढरे भोकं-भोकं असलेले दगड पडलेले असतात ते रॉक म्हणून आणले तर? चिलर (पाणी गार करायचं मशीन) घ्यावाच लागतो का? आणि गणपतीला ५ दिवस गावी जातो तेव्हा काय करतात लोक?

बजेट आहे पण बायकोला सगळा आकडा एकदम सांगणार नाहीये.


खारा_ठाणेकर:

आकडा तू सांगू नकोस, लाइट बिल सांगेल.

आधी त्या दुकानात परत जाऊ नकोस, गेलास तरी मासे घेऊ नकोस. मी पण असाच फसलो होतो, कासारवडवलीला नवीन घर घेतलं तेव्हा, त्याच आठवड्यात टँक लावला आणि तिसऱ्या दिवशी चार मासे सोडले, नवव्या दिवशी टँकमध्ये फक्त दगड उरले. गोड्या पाण्याचा अनुभव आहे म्हणजे सायकल माहिती असेलच तुला, माशांच्या घाणीतून अमोनिया, त्याचं बॅक्टेरिया नायट्राइट करतात, त्याचं पुढे नायट्रेट. इथेही तेच, पण खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे गोड्यात जे मासे कसेबसे सहन करून जातात ते इथे होत नाही. चार ते सहा आठवडे टँक रिकामा चालवायचा. अमोनियासाठी बाटली मिळते, नाहीतर कोपरखैरण्याच्या मच्छी मार्केटमधून एक कोलंबी आण आणि टाक टँकमध्ये, सडू दे. वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेव, आमच्याकडे तिसऱ्या दिवशी किचनचा सगळा डबा शोधून झाला काय सडलंय म्हणून. टेस्ट किट घे. अमोनिया वर जाऊन शून्य, मग नायट्राइट वर जाऊन शून्य, आणि २ पीपीएम अमोनिया घातला तर २४ तासात दोन्ही परत शून्यावर येतात, तेव्हा समजायचं टँक तयार.

आता पाणी. खाडीचं पाणी विसरून जा. ठाणे खाडीत गाळ किती, सांडपाणी किती ते भरती-ओहोटीला नाकाला कळतंच, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारेपणा खाली येतो. तुला पाहिजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६, वर्षभर तेवढीच. म्हणून सिंथेटिक रीफ सॉल्ट आणि आरओ-डीआय पाणी, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून काढून उरलेसुरले क्षारही घालवलेलं. घरच्या आरओचं पाणी मोजून बघ, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४०-५०-८० असं काहीतरी येईल, कारण कंपन्या चवीसाठी मुद्दाम थोडं पाणी बायपास करून मिसळतात किंवा मिनरलचा कार्ट्रिज लावतात. तो बायपास बंद करून घे, मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या पाइपला टी लाव आणि तिथून पुढे डीआय रेझिनचा डबा जोड, बाहेर येणारं पाणी टीडीएस ० पाहिजे. तुम्हा नवी मुंबईवाल्यांची मजा आहे, मोरबे धरणाचं पाणी, रेझिन टिकतं. आमच्याकडे घोडबंदरला टँकर आला की टीडीएस कुठल्या कुठे, माझं रेझिन दोन महिन्यात मरतं.

तुझा टँक हिशोबाने १२५ लिटरच्या आसपास होतो, दगड-वाळू जाऊन पाणी राहील १०० लिटर. लिटरला ३६-३७ ग्रॅम मीठ धर, म्हणजे पहिल्यांदा पावणेचार किलोच्या आसपास, आणि आठवड्याला १० लिटर बदललंस तर महिन्याला दीड किलो. मीठ टँकमध्ये डायरेक्ट टाकायचं नाही, बादलीत पाणी, त्यात छोटा पंप, त्यात मीठ, कमीत कमी काही तास फिरू दे मगच. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे. ते काटेवालं प्लास्टिकचं हायड्रोमीटर स्वस्त असतं पण काट्याला बुडबुडा चिकटला की खोटं बोलतं. रिफ्रॅक्टोमीटर पण ३५ पीपीटीच्या लिक्विडने सेट करायचा, नुसत्या साध्या पाण्याने शून्य लावून भागत नाही.

वजनाचं बघ, सगळं मिळून दीडशे किलोच्या वर जातं, टीव्ही युनिटवर ठेवू नकोस प्लीज. लोखंडी स्टँड करून घे, पावडर कोटिंग करून, कारण खारं पाणी लोखंड खातं.

बाकी लिस्ट मोठी नाहीये, २००० लिटर-तास पर्यंतचा एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), मागे टांगायचा फिल्टर (तुझ्याकडे असेल तोच), १०० वॉटचा हीटर जो इथे डिसेंबरच्या चार रात्री सोडून लागणार नाही, आणि लाइट. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) या साइजला नसला तरी चालतो, नंतर घे.


जुनी_खोड_वाशी:

वर सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त गरमीवर बोलतो कारण रीफ टँक मरतात ते बहुतेक मे महिन्यात.

पाणी २५ ते २७ ला ठेवायचं. पश्चिमेची खिडकी आहे म्हणालात, म्हणजे दुपारी तीननंतर हॉलचा तवा होतो. एप्रिल-मे मध्ये खोली ३३-३४, त्यात पंप आणि लाइटची उष्णता, पाणी ३१ वर जायला वेळ लागत नाही. ३१ ला कोरल आतला शेवाळ बाहेर टाकायला लागतं, पांढरं पडतं. माशांना त्रास वेगळा, कारण पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी धरतं.

लोक म्हणतात पंखा लावा. पंख्याचं गणित माठासारखं आहे. पाणी उडतं म्हणून बाकीचं गार होतं. हवा कोरडी असली की माठ गार होतो, दमट झाली की माठात पाणी भरून काही उपयोग नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहिती आहे. फेब्रुवारी-मार्चला पंख्याने दोन-तीन डिग्री उतरतात. ऑक्टोबर हीटला, पाऊस नुकताच गेलेला, हवा चिकट, तेव्हा अर्धा डिग्री उतरला तरी नशीब. तेव्हा १/१० एचपीचा चिलर घ्या. माझा चालू असताना दोनशे वॉटच्या आतबाहेर खेचतो, दिवसाचे दहा तास धरले तर दोन युनिट, महिन्याला साठ. हा हिशोब घरी आधीच दाखवा. आणि चिलर मागून गरम हवा फेकतो, बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा गिळत बसतो. टँक पण त्या खिडकीच्या समोरच्या नाही तर बाजूच्या भिंतीला ठेवा.


खारा_ठाणेकर:

काका, मी दोन उन्हाळे पंख्यावर काढलेत, २८-२८.५ ला, सॉफ्ट कोरल काहीही झालं नाही. सगळ्यांनाच पहिल्या दिवशी चिलर घ्यायला लावलं तर हॉबी बंद पडेल. टँक सप्टेंबरनंतर सुरू कर, थंडीत सायकल कर, पैसे जमव, मार्चमध्ये चिलर बघ.


जुनी_खोड_वाशी:

तुझा टँक एसीच्या खोलीत आहे हे लिहायचं राहिलं.


खारा_ठाणेकर:

रात्रीचाच एसी 😅 बरं, पश्चिमेची खिडकी असेल तर चिलर.


लॅबवाली_कळवा:

मालवणचे दगड आणू नका, मी हे जरा सविस्तर लिहिते कारण बऱ्याच जणांना माहिती नसतं.

ते पांढरे भोकांचे दगड म्हणजे मेलेलं प्रवाळ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळ आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. त्यात सगळे कडक सांगाड्याचे, रीफ बांधणारे प्रवाळ येतात, शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्री पंखे. जिवंत असो की मेलेलं, तुकडा असो की शोपीस. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आजोळ असलं तरी सूट नाही 🙂

म्हणून दुकानदार "दोन कोरल माझ्यातर्फे" म्हणाला तर आधी विचारा कुठलं. दुकानात हॅमर, टॉर्च, ब्रेन, अ‍ॅक्रोपोरा असल्या नावाने जे दिसतं ते सगळं कडक प्रवाळातलं आहे. विकायला ठेवलंय म्हणजे घ्यायला मोकळीक आहे असा अर्थ होत नाही. समुद्रघोडे, समुद्रकाकडी यांचंही तेच, यादीत आहेत. क्लाउनफिश, म्हणजे लेकीचा नारंगी-पांढरा मासा, नाही त्यात. झोआंथिड, मशरूम, लेदर, झेनिया ही मऊ मंडळी त्या प्रवाळांच्या गटांत मोडत नाहीत, आणि गंमत म्हणजे नवशिक्याला तीच जमतात. तरी पावती घ्या, आणि समुद्रातून ओरबाडलेलं नाही, कोणाच्या टँकमध्ये वाढवून कापलेलं आहे असंच घ्या. मोठ्या कॉलनीपेक्षा अंगठ्याएवढा तुकडा टिकतो सुद्धा जास्त. रॉक म्हणून सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड मिळतात, ८-१० किलो पुरतील, वर्षभरात जांभळं शेवाळ चढलं की ओळखू पण येत नाहीत. सिमेंटचे असतील तर आधी बरेच आठवडे पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून पीएच उतरवा.

आपल्याकडे प्रवाळ नाही असं लोकांना वाटतं. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या. मुंबईच्या त्या पाण्यात ती जगत होती, आणि आपल्या टँकमध्ये टीडीएस ५ झाला की आपण रडतो.

माशांबद्दल, क्लाउनफिश हॅचरीतलाच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवून बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या शेजारीच, ऐरोलीला, फ्लेमिंगोच्या बोटी सुटतात तिथे मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. लेकीला घेऊन एकदा त्या केंद्रावर जाऊन या. समुद्रातून पकडलेला मासा खायलाच बघत नाही कित्येकदा, हॅचरीतला पहिल्या दिवशी पेलेट खातो.

अजून एक, लहान मुलगी आहे म्हणून. झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, अत्यंत जहाल. नुसतं काचेतून बघायला काही नाही. पण कापताना, घासताना हातमोजे आणि डोळ्याला चष्मा, आणि झोआ चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, वाफेतून ते फुप्फुसात जातं आणि घरातले सगळे हॉस्पिटलात जातात. हात टँकमध्ये घातला की साबणाने धुवायचा, हा नियम लेकीला आणि बाबांना दोघांनाही.


पिंपळपान_नेरुळ:

मी फक्त वाचायला आलो होतो, कोलंबी टँकमध्ये टाकून सडवायची हे वाचून आईने मोबाइल काढून घेतला. ४०० रुपये किलो आहे म्हणे.


घणसोली_चौथा_मजला:

अरे बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. मालवणचा विषय बंद, मामाला फोन करून सांगितलं गोळा करू नको, तो म्हणाला मी आधीच सांगणार होतो तुला. लॅबवाली ताई ते विषाचं वाचून झोआ घेऊच नये असं वाटायला लागलंय, मशरूमने सुरू केलं तर?

मासे किती बसतील? लेकीला निळा मासा पण हवाय. आणि गणपतीचं राहिलं.


लॅबवाली_कळवा:

मशरूम उत्तम. कमी लाइट, कमी फ्लो, आणि थोडं घाण पाणी आवडतं त्यांना. नायट्रेट ५-१० असू दे, शून्यावर आणायच्या मागे लागू नका, शून्य केलं की डायनो म्हणून चिकट तपकिरी शेवाळ येतं आणि ते हटता हटत नाही.


खारा_ठाणेकर:

निळा म्हणजे ब्लू टँग, तो फूटभर होतो आणि त्याला पोहायला सहा फूट काच लागते. दोन फुटांत ठेवणं म्हणजे घोडा गॅलरीत बांधणं. लेकीला सांग तो मोठा झाला की दार उघडून बाहेर येईल.

तुझ्या टँकला दोन क्लाउन, एक गोबी आणि फार तर एक फायरफिश, बास. यलो वॉचमन गोबी बरोबर पिस्टल श्रिंप मिळाला तर घे, दोघं एका बिळात राहतात, श्रिंपला नीट दिसत नाही म्हणून तो दिवसभर खणत असतो आणि मासा दारात राखण करतो, श्रिंपची एक मिशी कायम माशाच्या अंगाला लागलेली. पाहुणे आले की क्लाउन सोडून तेच बघत बसतात. फायरफिश उडी मारतो, वर जाळी हवीच, मच्छरदाणीची पण चालते. डॅमसेल कोणी स्वस्तात देत असेल तर नको, गुंड असतात. दोन क्लाउन घेताना एक मोठा एक छोटा घे. सगळे जन्मतात नरच, त्यातला जो दादागिरी करतो तो मादी होतो. हे लेकीला तू समजाव, मला माझ्या पुतण्याला समजावताना घाम फुटला होता.

अ‍ॅनिमोन नको एवढ्यात. क्लाउनला त्याची गरज नसते, आणि अ‍ॅनिमोनला सहा-आठ महिने मुरलेला टँक लागतो. चालत चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकला की एका रात्रीत सगळं पाणी खराब.

नवीन मासा आला की वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार आठवडे. पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध त्या टँकमध्येच द्यायचं, मेन टँकमध्ये एक थेंब पडला तर गोगलगाई, श्रिंप, कोरल, सगळं साफ. मासे एकदम सोडू नकोस, महिन्याला एक असं.


जुनी_खोड_वाशी:

गणपतीचं मी सांगतो, एका चतुर्थीला आमचा टँक असाच गेला होता.

मासे उपाशी मरत नाहीत पाच दिवसांत. पाणी उडतं ते मारतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तुमच्याकडे दिवसाला तीन लिटर उडालं, पंखा असेल तर उडतंच, तर पाच दिवसांत पंधरा. १०० लिटरचे ८५ राहिले, ३५ पीपीटीचं ४१ झालं. आणि मग तुम्ही विसर्जन करून रात्री घरी येता, घाबरून एक बादली गोडं पाणी एकदम ओतता, तो दुसरा धक्का. मी तेच केलं होतं. म्हणून ऑटो टॉप-ऑफ लावा, सेन्सर आणि छोटा पंप, खाली १५-२० लिटरचा कॅन, त्यात साधं आरओ-डीआय पाणी. मीठ घातलेलं नाही, हे शेजाऱ्याला लिहून कॅनवर चिकटवा. कॅन टँकच्या पातळीच्या वर ठेवू नका, सायफन होऊन खालच्या मजल्यावर अभिषेक होईल. शेजाऱ्याला खाणं द्यायला सांगायचं असेल तर गोळ्यांच्या डब्यात रोजची पुडी करून द्या, खाण्याचा अख्खा डबा हातात देऊ नका. प्रेमाने टाकतात लोक.

दुसरं, लाइट जाणं. पावसाळ्यात दोन-तीन तास जाते कधी कधी. फिल्टर बंद पडल्याने लगेच काही होत नाही, पाणी हलायचं थांबलं की ऑक्सिजन संपतो, रात्री अजून लवकर. घरात इन्व्हर्टर असेल तर फक्त वेव्हमेकर त्यावर घ्या, दहा-पंधरा वॉटच खातो, रात्रभर निघेल. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका. इन्व्हर्टर नसेल तर सेलवरचा एअर पंप, कुर्ल्याला किंवा क्रॉफर्डला मिळतो. प्लगच्या सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बोर्डात आहे का ते इलेक्ट्रिशियनला बघायला लावा. खाऱ्या पाण्यात करंट चटकन पळतो आणि हात तुमचाच असतो आत.


घणसोली_चौथा_मजला:

मंडळी, अडीच महिन्यांनी आलोय, सगळं सांगतो. गणपती झाल्यावरच सुरू केलं, ठाणेकर दादा म्हणाले तसं. कोलंबी टाकली नाही, बायकोने साफ नाही सांगितलं, बाटलीतला अमोनिया आणला. अठ्ठाविसाव्या दिवशी नायट्राइट शून्य. चिलर घेतला, सेकंडहँड, ऑक्टोबरमध्ये एका दुपारी पंख्यावर ३०.४ बघितलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन घेऊन आलो. वाशीकाका बरोबर होते. बाजूच्या टँकमध्ये चार आठवडे काढून मागच्या रविवारी दोन क्लाउन मेन टँकमध्ये गेले, हॅचरीतले, पेलेट खातायत. तीन मशरूम आहेत. झोआ पण एक घेतलाच शेवटी, तीन डोक्यांचा, हातमोजे घालून ठेवला, वाळूवर ठेवलाय कोपऱ्यात.

आता प्रॉब्लेम. वाळूवर तपकिरी धूळ बसतेय, सकाळी कमी असते, संध्याकाळी जास्त, काचेवर पण. हाताने हलवली की उडून जाते, दोन दिवसात परत. हे ते डायनो का? आणि झोआ दोन दिवस मिटूनच आहे.


लॅबवाली_कळवा:

धुळीसारखं उडतं म्हणजे बहुतेक डायटम. डायनो नाकातल्या शेंबडासारखं लोंबतं आणि त्यात बुडबुडे अडकलेले असतात. डायटम नवीन टँकला येतातच, पाण्यातलं सिलिकेट खाऊन वाढतात, ते संपलं की जातात. एक-दोन ट्रोकस गोगलगाई आणि एक नसॅरियस टाका.


जुनी_खोड_वाशी:

डीआयनंतरचा टीडीएस किती येतोय ते बघा आधी. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात पहिलं सुटतं. आणि झोआ वाळूवरून उचलून दगडावर ठेवा, डोक्यावर वाळू उडत असेल तर उघडणार कसा तो.


घणसोली_चौथा_मजला:

४ येतोय. आणि रेझिन निळं होतं ते खालून पाऊण डबा तपकिरी झालंय, मला वाटलं तसंच असतं. उद्या कुर्ल्याला जातो.